पंपाला किती?

जून संपत आला, सोयाबीन वीतभर झालं, की लातूरच्या मार्केट यार्डात काय आणि नांदेडच्या नव्या मोंढ्यात काय, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एकच प्रश्न ऐकू येतो. "पंपाला किती?" दुकानदारही मान वर न करता सांगतो, "एक बूच टाका." किंवा "पाच एमएल." किंवा गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर, "टाका की दीड बूच, जरा जहाल पडू द्या." बिल होतं, पिशवी भरते, विषय संपतो.

आज मला म्हणायचंय ते एवढंच, की हा प्रश्न अर्धाच आहे. आणि अर्ध्या प्रश्नाला पूर्ण बरोबर उत्तर देता येत नाही, दुकानदार कितीही हुशार असला तरी. आपण मात्र दरवर्षी विचारणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होतो.

(सॉफ्टवेअरवाल्याने फवारणीवर का बोलावं? घर औसा तालुक्यातलं, शेत अजून पेरलं जातं, आणि खरिपात "ह्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचून सांग रे" म्हणून मोबाइलवर हमखास फोटो येतो. पुण्यात बसून इतके डबे वाचलेत की आता मत झालंय. ते या शनिवारी लिहून टाकतो.)

आधी डब्यावर काय असतं ते बघू. सोयाबीनवरचा चक्रीभुंगा, खोडमाशी, उंटअळी यांच्यासाठी क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी हे औषध आपल्याकडे भरपूर चालतं. त्याचा कागद उघडला तर एक तक्ता दिसतो. पीक, कीड, सक्रिय घटक हेक्टरी ३० ग्रॅम, औषध हेक्टरी १५० मिली, पाणी हेक्टरी ५०० लिटर. तक्ता अगदी बरोबर आहे. फक्त तो ज्या भाषेत बोलतो ती भाषा आमच्या शेतात कुणी बोलत नाही. आमच्याकडे हेक्टर फक्त सातबाऱ्यावर असतो. बोलताना एकर आणि गुंठा, आणि पेरणीच्या वेळी तर 'बॅग'. "यंदा चार बॅगा सोयाबीन" म्हणजे ३० किलोच्या चार पिशव्या, म्हणजे साधारण चार एकर. पाणी मोजायचं एकक लिटर नाही, पंप. औषध मोजायचं एकक मिली नाही, बूच. त्यातही एका कंपनीचं बूच दुसऱ्या कंपनीच्या बुचाएवढं नसतंच! शिवाय कृषी सल्ला येतो तो 'प्रति १० लिटर पाणी' असा, आणि पाठीवरचा पंप १५ चा असतो, १६ चा असतो, २० चा असतो. १० चा काही दिसत नाही.

आता हिशेब करू. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. १५० मिलीला अडीचने भागा, एकरी ६० मिली. ५०० लिटरला अडीचने भागा, एकरी २०० लिटर पाणी. म्हणजे लिटरला ०.३ मिली, आणि १५ लिटरच्या पंपाला साडेचार मिली. दुकानदाराचं "पाच एमएल" काही फार चुकलेलं नाही. मग भानगड कुठे आहे?

भानगड पंपांच्या संख्येत आहे. २०० लिटर पाणी म्हणजे १५ लिटरचे तेरा-सव्वातेरा पंप. एकराला तेरा पंप मारणारा माणूस मला तुम्ही दाखवा! सात, आठ, फार तर नऊ. याला आळस म्हणू नका. फवारणीची मजुरी बऱ्याच ठिकाणी पंपावर ठरते, पाणी विहिरीवरून डोक्यावर किंवा बैलगाडीत आणावं लागतं, आणि पावसाने दिलेली उघडीप दोन तासांची असते. प्रत्येक पंप म्हणजे पैसा आणि वेळ. आठ पंप गुणिले साडेचार, एकराला गेलं ३६ मिली. पाहिजे होतं ६०. पंपातलं पाणी बरोबर मिसळलेलं होतं, पण शेताला औषध पोचलं निम्म्याच्या थोडं वर. अळी मरत नाही. मग "औषध डुप्लिकेट निघालं", "आता ताकद राहिली नाही", आणि पुढच्या खेपेला दीड बूच, वर अजून एका औषधाची भेळ. पुन्हा अळी मेली नाही तर आणखी जहाल. हे चक्र कुठून सुरू झालं? मात्रा कमी पडल्यापासून! आणि कमी मात्रेतून जगलेल्या अळ्यांची पुढची पिढी जास्त चिवट निघते, ते वेगळंच.

म्हणून म्हणतो, प्रश्न अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा: "एकराला किती, आणि माझे पंप एकराला किती लागतात?" यातलं पहिलं उत्तर डब्यावर आहे. दुसरं दुकानदाराकडे नाही, विद्यापीठाकडे नाही, कंपनीकडे तर नाहीच नाही. ते फक्त शेतात मिळतं. तुमचा पंप, तुमचं नोझल, तुमची चाल.

ते काढायची रीत अगदी सोपी आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. तेवढं मोजा. पंपात मोजून साधं पाणी भरा, औषध नको. नेहमीच्या चालीने तो गुंठा फवारा. पंपात परत किती उरलं ते मोजा. गेलेल्या पाण्याला ४० ने गुणा, कारण एकरात ४० गुंठे. पाच लिटर गेलं तर एकरी २०० लिटर. तीनच लिटर गेलं तर १२०, म्हणजे १५ चे आठ पंप. मग ६० भागिले ८, पंपाला साडेसात मिली. झालं! अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पंप किंवा नोझल बदलेपर्यंत पुन्हा करायची गरज नाही. आठ पंपांत साडेसात मिली टाकणारा आणि तेरा पंपांत साडेचार टाकणारा, दोघांनीही एकराला ६० च मिली दिलं. (याचा अर्थ पाणी वाटेल तितकं कमी करा असा मात्र नाही. पाणी कमी तर फवारा तिखट, पान करपू शकतं, आणि अंगावर उडणारा थेंबही तितकाच तिखट.)

बारावीला लातूर पॅटर्नमध्ये घासून घेतलेलं एक सूत्र इथे आठवतं. पहिली तीव्रता गुणिले पहिलं आकारमान बरोबर दुसरी तीव्रता गुणिले दुसरं आकारमान. आम्ही ते ब्युरेट-पिपेटसाठी पाठ केलं, नांदेडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात पुन्हा एकदा पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो. पण त्याचा अर्थ सूत्रापेक्षा साधा आहे. पाणी वाढवल्याने मूळ माल वाढत नाही की घटत नाही. जेवढा ओतला तेवढाच राहतो, फक्त पसरतो. भातात पाणी जास्त झालं म्हणून तांदळाचे दाणे काही वाढत नाहीत :-)

याच अर्थाने पेट्रोल पंपाचं कोडं सुटतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यांत एक ओळ असते, की पॉवर स्प्रेसाठी मात्रा तिप्पट करावी. ज्याने कारण ऐकलेलं नाही त्याला ही ओळ घाबरवते, किंवा मग तो ती सरसकट सगळ्या पंपांना लावतो. कारण एवढंच, की तो पंप हवेच्या जोराने बारीक तुषार उडवतो आणि एकराला साधारण एक तृतीयांश पाणी पितो. पाणी तिसरा हिस्सा, म्हणून लिटरमागे औषध तिप्पट. एकराचे ६० मिली तेवढेच. आता ड्रोनही आलेत. त्याची टाकी साधारण १० लिटरची, आणि एकराला पाणीही जवळपास तेवढंच. तेच ६० मिली त्यात घातलं तर लिटरला ६ मिली, साध्या पंपाच्या वीसपट. जिथे दहा लिटरात एकर होतो तिथे "पंपाला किती" या प्रश्नाचं काय करायचं सांगा! (ड्रोनने काय फवारायचं, काय नाही, याची मंजुरी वेगळी असते. आपण इथे फक्त गणित बघतोय.)

घरचं औषध म्हणून हिशेब सुटत नाही बरं का. ५ टक्के निंबोळी अर्काची कृती मराठवाड्यात पुष्कळांना तोंडपाठ आहे. पाच किलो निंबोळीची भरड नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, एका लिटरात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात घालायचा, आणि एकूण अर्क दहा लिटर करायचा. पाच किलोचा अर्क दहा लिटरात, म्हणजे हा झाला ५० टक्के. फवारताना एक लिटर अर्कात नऊ लिटर पाणी, म्हणजे दहा लिटर आणि ५ टक्के. पण सांगताना लोक "एकास दहा" म्हणून जातात. एका लिटरात दहा लिटर पाणी घातलं तर होतात अकरा लिटर, आणि ५० भागिले ११ म्हणजे साडेचार टक्के. निंबोळीत एवढ्याने बिघडत नाही. पण 'एकास नऊ' आणि 'दहात एक' हे एकच आहे आणि 'एकास दहा' वेगळं आहे, हे एकदा डोक्यात बसलं की कायमचं कामाला येतं.

तयार नीमची बाटली घेतली तर आणखी एक खड्डा आहे. एक बाटली १५०० पीपीएमची, शेजारची १०,००० पीपीएमची. पीपीएम म्हणजे दहा लाखात किती. म्हणजे पहिली ०.१५ टक्के, दुसरी १ टक्का. लिटरला ५ मिली ही १५०० वाल्या बाटलीची सवय १०,००० वाल्या बाटलीला लावली तर पावणेसातपट माल गेला. बाटलीचा आकार तोच, रंग तोच, झाडाचं चित्रही तेच!

इथपर्यंत सगळं गुणाकार-भागाकाराचं झालं. आता जे बोलायचं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते कागदावर सोडवताच येत नाही. औषधाच्या नावामागची अक्षरं बघा. एसएल किंवा एसजी असेल तर ते पाण्यात विरघळतं, मिठासारखं. पण एससी किंवा डब्ल्यूपी असेल तर ते विरघळत नाही. त्याचे बारीक कण पाण्यात नुसते तरंगत राहतात, आणि तरंगणारी वस्तू कधीतरी बसतेच. हळदीचं पाणी करून ठेवलं की तळाला जसा गाळ बसतो तसं.

किती वेगाने बसते? स्टोक्सच्या नियमाने, पाण्याच्या दुप्पट घनतेचा १० मायक्रॉनचा कण मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर खाली जातो. कण दुप्पट जाड, २० मायक्रॉनचा असला तर वेग चौपट, मिनिटाला १३ मिलिमीटर. म्हणजे तासाला जवळपास ८० सेंटीमीटर. आपलं २०० लिटरचं टिपाड केवढं असतं? ९० सेंटीमीटरच्या आसपास. सकाळी टिपाडात औषध कालवलं, दोन पंप मारले आणि न्याहारीला बसले, की तेवढ्यात जाड कण तळाला गेलेले असतात.

आकड्यात बघा. मॅन्कोझेब ७५ टक्के डब्ल्यूपी, लिटरला अडीच ग्रॅम, म्हणून २०० लिटरात ५०० ग्रॅम पावडर. समजा त्यातली निम्मी तळच्या ४० लिटरात जाऊन बसली आणि उरलेली निम्मी सगळीकडे सारखी राहिली. आता वरचं १६० लिटर पाणी आहे लिटरला सव्वा ग्रॅमचं, म्हणजे निम्म्याच ताकदीचं. आणि तळचं ४० लिटर? ५० ग्रॅम वाट्याचे आणि २५० ग्रॅम बसलेले, एकूण ३०० ग्रॅम. लिटरला साडेसात. तिप्पट! सरासरी काढली तर अजूनही अडीचच येते, डब्यावरचा तक्ता खूश. पण सरासरी कुणी फवारत नसतं. पहिल्या दहा पंपांनी रोग हटला नाही आणि शेवटच्या दोन-तीन पंपांनी पानं भाजली, आणि शेवटचे पंप ज्याच्या पाठीवर होते त्याला सगळ्यात तिखट फवारा मिळाला.

यावर उपाय म्हणजे काठी. पावडर आधी बादलीत थोड्या पाण्यात भज्यांच्या पिठासारखी कालवायची, गुठळ्या मोडायच्या, मग अर्ध्या भरलेल्या टिपाडात ओतायची, मग उरलेलं पाणी. आणि दर पंप भरताना तळापासून काठीने ढवळायचं (हाताने नाही, काठीने!). मधे थांबलात तर पंप पाठीवर घेण्याआधी हलवायचा. हातपंपाच्या दांड्याने आत थोडी तरी घुसळण व्हायची. बऱ्याच बॅटरी पंपांत तीही होत नाही, चालताना हिसका बसेल तेवढीच.

आता येतो त्या नेहमीच्या वाक्याकडे. "शेतकऱ्याला हिशेब कळत नाही हो." हे वाक्य मी वातानुकूलित खोल्यांत पुष्कळ ऐकलंय. त्यांना एकदा ऑक्टोबरात लातूरच्या मोंढ्यात नेऊन उभं केलं पाहिजे. १६ टक्के मॉइश्चरचं क्विंटलभर सोयाबीन १२ टक्क्यांवर वाळवलं तर किती उरेल? शंभरातला सुका माल ८४ किलो, तो आता ८८ टक्के झाला पाहिजे, म्हणजे ८४ भागिले ०.८८, सुमारे साडेपंच्याण्णव किलो. ही साडेचार किलोची घट आणि व्यापारी कापतोय ती घट यांतलं अंतर आमचा आबा लोक मनातल्या मनात काढतात आणि त्यावरून भांडतातही. नीट बघा, हे गणित तेच आहे. सुका माल तेवढाच, पाणी बदललं. तीव्रतेचं सूत्र ज्याला येत नाही असं आपण म्हणतो, तो ते दर हंगामात वापरतोय. फरक इतकाच की मोंढ्यात त्याला एकक ओळखीचं आहे आणि समोर काटा आहे. डब्यापाशी एककही परकं आणि मापही नाही.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. एखाद्या फॉर्मवर एक माणूस चुकला तर माणूस बघा, शंभर माणसं तीच चूक करत असतील तर फॉर्म बघा. आणि एककांचा घोळ मोठमोठ्यांनाही सोडत नाही. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी जाऊन नष्ट झालं, कारण एका चमूचे आकडे पौंडात होते आणि दुसऱ्या चमूने ते न्यूटनचे समजून वापरले. तिथे कुणी म्हणालं नाही की शास्त्रज्ञांना हिशेब येत नाही. पद्धत सुधारा म्हणाले. तोच न्याय औशाच्या शेतकऱ्याला का नाही?

कारण इथे नुसतं यान जात नाही. नांदेड जिल्ह्यात माहूर-किनवटच्या बाजूला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ. २०१७ च्या पावसाळ्यात त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. कारणं अनेक सांगितली गेली. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, दोन-तीन औषधांची एकत्र भेळ, नवे पंप, मास्क-हातमोजे नाहीत. पंपातली मात्रा हे एकच कारण होतं असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण त्या भेळीच्या मुळाशी "पंपाला अजून थोडं" ही सवय बसलेली आहे, हे नाकारता येईल का? आणि मेला तो बहुतेक वेळा मात्रा ठरवणारा नव्हता, पंप पाठीवर घेणारा होता.

मग करायचं काय? कंपन्यांनी हेक्टरच्या तक्त्याशेजारी एकराचा तक्ता छापावा, ठळक, आणि खाली 'एकराला इतके पंप लागत असतील तर पंपाला इतके मिली' अशा चार ओळी द्याव्यात. ६, ८, १०, १३ पंप. त्यात काही रॉकेट सायन्स नाही. प्रत्येक डब्यासोबत रेघांचं मापाचं भांडं द्यावं, बूच नको. एससी आणि डब्ल्यूपीवर 'दर पंपाला ढवळा' हे मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहावं. दुकानदाराने बिलावर 'एकरी ६० मिली' एवढे दोन शब्द आणि एक आकडा लिहून द्यावा. त्याला मिनिटही लागत नाही. आणि ज्याची पंपावर मजुरी ठरते त्याची मजुरी एकरावर ठरवावी, म्हणजे पंप कमी करून औषध जहाल करायचा मोह मालकाला राहणार नाही.

तोवर, म्हणजे कंपन्यांना जाग येईपर्यंत, गुंठाभर साधं पाणी फवारून बघा, आणि टिपाडाशेजारी एक लांब काठी ठेवा. गुंठ्याच्या मोजणीला अर्धा तास लागतो, काठीला पैसाही लागत नाही. आणि दुकानात कुणी "पंपाला किती?" विचारलं, तर त्याला आधी विचारा, "एकराला पंप किती मारता?"